तीळ

कॅमेरा घेतला रोडेलकडून,
तो नोकरी संपवून मनिलाला निघाला तेव्हा.
चाळीस रियाल. त्यातले दहा
त्याने विमानतळावर, मिठी मारताना,
परत माझ्या खिशात कोंबले.

सोबत एक पट्टा, त्याच्या घामाने मऊ झालेला,
एकुलती एक लेन्स,
पस्तिसाच्या पुढे फिरवली की जात्यासारखी खरखरणारी,
आणि उजवीकडे, वर, एक करडा ठिपका.
समुद्र काढा, डोंगर काढा, निहारचा वाढदिवस काढा,
हा आपला तिथेच.
ऋजुता म्हणाली, बाबा, आभाळाला तीळ आहे.

शुक्रवारी सहाला आम्ही मत्राहला पोचतो.
गाडीतल्या गारव्यातून बाहेर पाऊल टाकलं
की लेन्स पांढरी,
भाताचं झाकण उचलल्यावर चष्मा होतो तशी.
पुसायची नाही. पुसली की ओघळ उठतात.
थांबायचं.
दहा मिनिटं, ऑगस्टात पंधरा.
तेवढ्यात शुभदा थर्मास उघडते,
निहार होड्या मोजतो, सातनंतर पुन्हा एकपासून,
आणि शुभदा, बंदराकडे बघत,
आठवडाभर न बोललेलं एखादं वाक्य बोलते.
शाळेची फी वाढलीय.
किंवा, मला हल्ली स्वप्नं हिंदीत पडतात.
मी ऐकतो. हातात आंधळा कॅमेरा.

पहिला फोटो तरीही घाई करून काढतोच.
त्यात आम्ही सगळे दुधात पडलेले.
ते फोटो मी खोडत नाही.

ऑफिसातल्या कुरुविलाकडे दुधीभोपळ्याएवढी लेन्स आहे,
तीन पायांचं स्टँड आहे, रोहित पक्षी आहेत.
तो मला सेन्सरचं माप समजावतो,
तुझी फ्रेम अर्धीमुर्धी आहे, म्हणतो.
असेल.
चौघांत मावतो आम्ही तिच्यात,
जरा खेटून उभं राहावं लागतं एवढंच.

मार्चमध्ये आई आली, महिन्याच्या व्हिसावर.
कॅमेरा दिसला की ती पासपोर्ट कचेरीत बसल्यासारखी व्हायची,
हनुवटी वर, श्वास बंद.
तेवीस फोटो, सगळ्यांत तीच बाई, आई नव्हे.
मग मासळीबाजारात
एका ओमानी म्हाताऱ्याने सुरमईचा भाव सांगितला
आणि ती मालवणीत कडाडली,
ह्या पैशांत आमच्याकडे होडी येता!
त्याला काय कळलं देव जाणे, तो खो खो हसला,
तीही हसली, पदर तोंडाशी न नेता.
मी कॅमेरा आडव्याचा उभा केला.
खट्.

उभ्या फोटोत ठिपका खाली सरकतो.
तो नेमका तिच्या हनुवटीवर बसला.
पडद्यावर बघून मी हळहळलो.
ती मात्र चष्मा वर करून बघत राहिली.
इथलं गोंदण फिकं होत होत गेलं होतं माझं, म्हणाली,
बरं झालं, परत काढलंस.
तिळाची गोष्ट ऋजुताने सांगितली तेव्हा म्हणाली,
एक तीळ सात जणांत वाटून खायचा असतो,
आपण पाचच.
घसघशीत वाटा येईल एकेकाला.

ती गेल्यावर
रुवीच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला सापडला.
तीन रियाल, दोन मिनिटं, तीळ साफ.
पोचलो तर शटर अर्धं खाली,
दुपारची नमाज, चारला या.
मी थोडा वेळ उभा राहिलो
शेजारच्या शिंप्याच्या पंख्याखाली.

चारला गेलो नाही.
चारला ऊन उतरतं आमच्या गॅलरीत,
वाळत घातलेल्या चादरीमागून येतं, हळदीसारखं,
आणि फार तर वीस मिनिटं टिकतं.
शुभदा झोपेतून उठून
चहा करायला निघालेली असते त्यातून.
अरे, निदान केस तरी विंचरू दे.
नको,
थांब तशीच.