पाच तारखेचे ठोकळे

उद्यमबागेत आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे फोर्जिंग आहे.
तिथं हॅमर पडला की इथं कपातला चहा थरथरतो.
अशा जागी बसून मी
लोकांना सांगते, काय टिकेल.

शिरोडवाडीच्या टाकीचे तीन ठोकळे आले,
सव्वाआठ किलोचा एकेक,
अंगावर लाल रंगात भरल्याची तारीख, पाच-दोन.
दोनचा आकडा कन्नडात काय, मराठीत काय, सख्ख्या भावासारखा.
पाच मात्र कन्नड, खाली गाठ मारलेला.
बसलिंग मेस्त्रीचा हात.

अठ्ठावीस दिवस हौदात राहिले.
मग मशीनमध्ये पहिला ठेवला.
काटा चढत चढत चारशे चाळीसला आला,
ठोकळा आतल्या आत कण्हला
आणि काटा मागं फिरला.
हवे होते सहाशे पंच्याहत्तर.
उरलेल्या दोघांनीही थोरल्याचीच री ओढली.

तिसऱ्या दिवशी नागोजी सुपरवायझर.
एका हातात कुंद्याचा डबा,
टेम्पोत आणखी तीन ठोकळे.
"ते पोरानं गडबडीत भरलेले, मॅडम. खरे हे बघा की."
खरे सातशे दहाला फुटले.
गुणी, गुळगुळीत ठोकळे,
तारीख तीच,
फक्त पाच इंग्रजी, टोपी घातलेला.

मी फोन लावला.
पलीकडं मिक्सरची घरघर, मग बसलिंग:
"नानल्ल, मॅडम. माझा पाच तसा नसतोय."

आमच्या भागात पाटीवरच्या अक्षरावरून बस अडतात,
काचा फुटतात.
एका आकड्याच्या वळणानं कुणाचा जीव वाचेल
असं मला कुणी सांगितलं असतं
तर मी हसले असते.

टाकी पन्नास हजार लिटरची.
म्हणजे पन्नास टन, बारा मीटर उंचावर.
खाली सावलीत गंगाराम सलूनची खुर्ची मांडतो,
गिऱ्हाईक मान मागं टाकून
डोळे मिटून बसतं.

आता एक जुनी गोष्ट, अहवालात नसलेली.
निपाणीच्या एका गॅलरीचे ठोकळे
मी एकदा सरासरीत बसवले होते.
एक कमी होता, दोन बरे होते,
मार्चअखेर होती, साहेब दारात उभे होते.
काही झालं नाही.
अकरा वर्षं काहीच झालेलं नाही.
तेच वाईट.
गॅलरी पडली असती तर मी गुन्हेगार ठरले असते,
पडली नाही म्हणून नुसती नशीबवान आहे.
त्या रस्त्यानं जाताना बसमधून मान उंच करून बघते,
शेजारचा विचारतो, कोण राहतं तिथं?

मी दोन्ही निकाल लिहिले, एकाखाली एक.
दोन्ही पाचांचे फोटो जोडले.
खाली लिहिलं: टाकीच्या अंगातूनच नमुने काढावेत.
तोवर पाणी भरू नये.
सही केली.
कुंद्याचा डबा नागोजीच्या सीटवर ठेवून आले,
तो म्हणाला, तुमच्या वडलांनी असं केलं नसतं.
असेलही.

एप्रिल.
टाकी कोरडी उभी आहे,
अंगावर खडूची वर्तुळं, कुठं ड्रिल मारायचं त्याची.
पाहणीला गेले तर बोअरवेलपाशी घागरींची रांग,
एक बाई म्हणाली,
"तुमीच काय पाणी अडवलेल्या?"

मला उत्तर येत होतं.
धोका म्हणजे काय, शक्यता म्हणजे काय,
सुरक्षेचा गुणांक कसा काढतात, सगळं.
तिची घागर भरलेली होती,
आणि ती उत्तरासाठी
ती खाली ठेवणार नव्हती.

मी म्हटलं, होय, मीच.

गंगारामनं तेवढं ऐकलं असावं.
काही न बोलता त्यानं खुर्ची उचलली
आणि चिंचेखाली नेली.
गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं
मागोमाग गेलं.