चौथ्या मजल्यावर नांगर

टिटवी तिकडे जयगडच्या खाडीत
ताडपत्री पांघरून, ओंडक्यांच्या टेकूवर,
आणि आम्ही इथे नाशकात, इंदिरानगरला,
चौथ्या मजल्यावरच्या न हलणाऱ्या घरात.

पहिला आठवडा नेहमीचा.
जमीन डुलते. हेरंब भिंतीला धरून दात घासतो.
मी चहाचं पातेलं अजून सुतळीने
शेगडीच्या दांडीला बांधते,
आणि दूध उतू जातं तेव्हा कळतं
की इथे लाट नव्हतीच.

खालच्या बागुल वहिनी विचारतात,
"तिकडे दिवसभर करता तरी काय हो दोघं?"
काय सांगू.
पहाटे मतलई सुटते, किनाऱ्यावरच्या चुलींचा धूर
आणि शेणाचा ओला वास घेऊन. तेव्हा शीड उघडायचं.
दहाला ती दमते. मग तास-दोन तास काहीच नाही,
समुद्र तेलासारखा,
शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं.
तेव्हा हेरंब पंप दुरुस्त करतो.
रोज. तोच पंप.
दुपारी खारा वारा, सुकाणू माझ्या बगलेत,
तांदूळ निवडत निवडत
मी देवगडचा दीपस्तंभ डावीकडे ठेवते.
संध्याकाळी एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर.
आधी समुद्रात डुंबायचं, तो कोमट,
बाळंतिणीसाठी काढलेल्या पाण्यासारखा,
मग दोघांत मिळून एक तांब्या गोडं पाणी.
भांडण झालं तर जायला जागा नाही. सव्वीस फूट.
एक जण पुढे बसतो, एक मागे,
मध्ये डोलकाठी.

एवढं सगळं मी सांगत नाही.
"मासे खातो," म्हणते.

सातपूरच्या शेडमध्ये नऊ वर्षं बांधली ती,
त्याची सेकंड शिफ्ट सुटल्यावर,
माझ्या भिशीच्या पैशांनी.
ट्रेलरवर निघाली तेव्हा कसारा घाटात
हवालदाराने थांबवून विचारलं,
"कुठल्या मंडळाचा देखावा?"

नदीसुद्धा आमची तऱ्हेवाईक.
ब्रह्मगिरीवर उभं राहिलं तर समुद्र मागे,
शंभर किलोमीटरही नाही,
आणि ही त्याला पाठ दाखवून
अख्खा देश तुडवत पूर्वेला निघते.
हेरंबला हे कधीच पटलेलं नाही.
तरी रोज सकाळी गोदाघाटावर जातो,
दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय बघतो,
पाय, गुडघे, एकदा कंबर,
आणि होडीच्या वहीत लिहितो
भरती-ओहोटीच्या रकान्यात.

रात्री तीनला दोघांनाही जाग येते.
तो गॅलरीत जातो.
पांडवलेणीच्या डोंगरावरचा दिवा
आणि अंबडच्या चिमणीवरचा तांबडा
एका रेषेत दिसले, म्हणजे घर सरकलेलं नाही.
परत येऊन सांगतो, "धरलाय."
मी कूस बदलते.

काल तो बराच वेळ आला नाही.
उठून गेले. आभाळ उघडलं होतं.
"तांबडा दिसत नाही," म्हणाला.
समोर नव्या टॉवरचा सहावा स्लॅब पडला होता,
सळया वर आलेल्या.
माझा गुडघा ठणकत होता, तो मी कठड्याला टेकवला.
डॉक्टर म्हणालेत, जिने कमी करा.
होडीत जिने नसतात,
पण होडीत चढायचं कसं, हे मी त्यांना विचारलं नाही.
हेरंबलाही नाही.

"नारळी पौर्णिमेला किती दिवस?"
"अकरा."
"मग दुसरा दिवा शोध," म्हटलं,
"अकरा रात्रींपुरता."
तो शोधत राहिला.
खाली वॉचमनने मोटार सुरू केली,
पाणी टाकीकडे चढू लागलं,
इमारत किंचित, अगदी किंचित थरथरली,
आणि आम्ही दोघांनी
एकदमच कठडा धरला.