किती घ्यायचे

ताइनानमध्ये भाव चढला की आकडा लाल होतो
आणि पडला की हिरवा.
जिन-श्वेला त्याचं नवल नाही, तो इथलाच.
पहाटे तीनला उठून दोनशेवर काट्यांचा मासा सोलायचा,
नवाच्या ठोक्याला पेजेचं पातेलं उपडं घालायचं
आणि दलालाच्या हॉलमध्ये यायचं,
बोटांना अजून आल्याचा वास.

तिसऱ्या रांगेत लायबाई.
एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
आता गुडघे सांभाळतात आणि शेअर.
मांडीवर वही, वहीत शिसपेन्सिल,
खोडरबर मात्र नाही.

"चौऱ्याऐंशीला मिळतोय," तो म्हणाला,
"पाच हजार उचलतो."
"पाचच का?"
"आकडा बरा वाटतो."

बाई हसल्या नाहीत.
"गाठीला किती?"
"सहा लाख."
"चुकलास, हे तुला कुठे कळेल?"
त्याला प्रश्नच कळला नाही.
किती मिळतील हे सगळे विचारतात.
मेहुण्याने विचारलं होतं, न्हाव्यानेही,
देवळातल्या धूप विकणाऱ्यानेसुद्धा.

"ऐंशीच्या खाली गेला," तो चाचरत म्हणाला, "तर… चुकलो."

"मग शेअरमागे चार.
आता सांग, एका चुकीचे किती देशील?
उद्याही पातेलं चढवता आलं पाहिजे."

शंभरातला एक, असं ठरलं. सहा हजार.
त्याला चाराने भाग.
दीड हजार.

दीड हजार!
त्याला मसाला नसलेल्या पेजेसारखं वाटलं.
अंथरूण पाहून पाय पसरायचे
हे त्याच्या आईनेही सांगितलं होतं,
पण अंथरूण पेटलं तर
दार किती पावलांवर, हे तिनेही मोजलं नव्हतं.

"आणि दार लांब असेल तर?
समजा, शहात्तरला?"
"मग साडेसातशेच घे.
चूक तेवढीच ठेवायची, बाकी सगळं हलू दे."

त्याने दीड हजार घेतले, रुसून.
दोन दिवस लाल. मनात पाच हजारांचा
नफा मोजत तो मासे कापत राहिला,
एकदा बोटही.

तिसऱ्या दिवशी बाजार उघडलाच
साडेएकोणऐंशीला. हिरवा.
मध्ये ऐंशी आलाच नाही.
विकले. सहा हजार सातशे पन्नास गेले.
वाटीमागे तीस सुटतात,
म्हणजे सव्वादोनशे वाट्या,
सव्वादोनशे वेळा "आलं जास्त घालू का?"
पाच हजार असते तर, हा गुणाकार
त्याने तोंडातल्या तोंडात केला
आणि गिळला.

लायबाईंनी सहा हजार एका रकान्यात लिहिले,
वरचे साडेसातशे दुसऱ्यात.
त्या रकान्याला नाव नव्हतं.

त्या चहाला उठल्या तेव्हा वही खुर्चीवर राहिली,
आणि पंख्याने पहिलं पान उलटलं.
एकोणीसशे नव्वद, फेब्रुवारी.
अक्षर बाईंचं नव्हतं, पुरुषी, उतावळं.
कंपनीचं नाव. भाव.
आणि 'किती' या रकान्यात आकडा नव्हता,
लिहिलं होतं, "होते तेवढे."

खाली पान कोरं.
पुढच्या पानापासून बाईंचं अक्षर.

त्याने वही मिटली, जशी होती तशी ठेवली.
बाई आल्या, त्याच्याकडे पाहिलं,
चहाचा एक कप त्याच्या हातात दिला.

यंदा हॉल बंद होतोय.
सगळे फोनवर खेळतात, भाडं कोण भरणार?
खुर्च्या विकायला काढल्यात, स्वस्तात, रांगेने घेतल्या तर अजूनच.
जिन-श्वे म्हणाला, "बाई, अख्खी तिसरी रांग घेऊया!"

दुसऱ्या दिवशी त्या टेप घेऊन आल्या.
घराच्या जिन्याचं वळण आधीच मोजून आल्या होत्या.
खुर्चीची रुंदी घेतली, दोनदा.
एकच घेतली.