डावा गुडघा, दोन बाजू

मिरजेत बावीस वर्षं मी हाडांचे फोटो काढतो.
काय दिसलं ते सांगायचं काम माझं नाही.
रिपोर्ट डॉक्टर देतात,
मी फक्त म्हणतो: हलू नका.

मृणाली पुसावळे, वय चौदा, मुक्काम दिघंची.
खो-खोत खांबावर सूर मारताना आपटली म्हणे.
मग शेकून झालं, हाडवैद्याची तेलपट्टी झाली,
दोन महिने गेले.
"लागलेलं दिवसा दुखतं ना, मामा," ती म्हणाली,
"हे रात्री उठवतं."

पडद्यावर मांडीचं हाड उतरत आलं
आणि गुडघ्याच्या वर चार बोटं
त्याची कड सुटलेली,
बाहेर बारीक रेषा
बाभळीच्या काट्यांसारख्या, मांसात घुसलेल्या.
दुसऱ्या बाजूनं काढला. तिथंही तेच.
"चांगला आला का?" तिनं विचारलं.
फोटो चांगलाच आला होता.

बाप सेलमहून आला. सोन्याची गलाई त्याची.
फोटो ट्यूबलाइटला धरून म्हणाला,
"आम्ही मुशीत डोकावलं की सांगतो, कस किती, खोट किती.
तुम्ही सांगा."
मी लिफाफा पुढं केला.
"डॉक्टर साडेचारला बसतात."

पुढचं मला लिफ्टमध्ये कळत गेलं, सिस्टरकडून.
सुईनं कण काढला. नाव लांबलचक निघालं,
आईनं त्यातलं 'सार्कोमा' एवढंच पाठ केलं
आणि गावात सांगितलं, हाडाला सूज आहे.
आधी औषध, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषध.
बाप भांडला: आधीच कापून का टाकत नाही?
डॉक्टर म्हणाले, आधी आच द्यायची,
काय जळतं ते बघायचं.
आणि जे रक्तातून फुफ्फुसाकडं निघालं असेल
त्याच्या मागं कात्री धावत नाही.
तो गप्प झाला. आच त्याला कळते.

केस गेले. तोंड आलं.
घरची बाग डाळिंबाची, आणि एक दाणा झोंबायचा.

मग एका सकाळी स्ट्रेचरवर आली.
हाड होतं तिथं दांडा, खाली धातूचाच सांधा,
फोटोत पांढराशुभ्र, कडा चोख.
बाप बराच वेळ बघत राहिला.
"कसला?"
"टायटॅनियम."
"गाळलाय चांगला," म्हणाला.

आता दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो.
खो-खो नाही. पंच व्हायचं म्हणते,
शिट्टी गळ्यात घालूनच येते.
मी म्हणतो, काढ ती, धातू चालत नाही.
"मग पायातलं?" म्हणते, आणि हसते.

हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घे. रोख.
मीही रोखतो, ही सवय आधी नव्हती.
सोड.
ती सोडते. मी नाही, पडदा उजळेपर्यंत.
फासळ्या, आणि त्यांच्या मागं काळोख.
इथं काळोखच हवा, पांढरा ठिपका नको.
वरून खाली मोजत जातो,
मग उलटा, खालून वर.
सांगायचं काम माझं नाही.
"झालं, ये बाळ," एवढंच म्हणतो
आणि दाराबाहेर बाकावरचा बाप
माझ्या आवाजाचा कस लावत असतो.