सागवान

शोकेस काढायचं ठरलं तेव्हा आबा म्हणाले,
काढा, पण जपून. सागवान आहे.

कोपरखैरण्याच्या या दोन खोल्यांत
सत्त्याण्णव साली आलेलं ते, भिंतभर,
मधोमध एकवीस इंची टीव्हीचं भगदाड.
टीव्ही चपटा होऊन समोरच्या भिंतीवर गेला
त्यालाही दहा वर्षं झाली.
तेव्हापासून भगदाडात
गॅसची पुस्तकं, शुगरच्या गोळ्या,
आणि माझ्या बारशाला आलेले सहा काचेचे हंस,
त्यातले चार बिनमानेचे.

आईला हल्ली चपला बसून घालाव्या लागतात
आणि बसायला दाराशी काही नाही.
भिंतीला हात लावून एका पायावर उभी राहते,
दुसऱ्या पायानं पट्टा चाचपत.
वाशीला एक बाक पाहिला होता, साडेसात हजारांचा.
आई बसली तर करकरला.
"हा माझ्याआधी जाईल," म्हणाली, आणि उठली.

म्हणून तुर्भ्याहून रामसजीवन मिस्त्री.
आधी काचा उतरवल्या. त्या आईनं मागून घेतल्या,
ग्रिलमध्ये सांडग्यांवर झाकायला;
कबुतरांनी गेल्या वर्षी अर्धं ताट नेलं.
मग पटाशी घालून त्यानं सनमायका उचकटला.
तो निघताना सालीसारखा आवाज झाला.
मिस्त्री थांबला.
अंगठ्यानं लाकूड घासलं, नाकाशी नेलं,
आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला,
ताई, हा साग नाय. ही पेटी आहे.

आबांनी बातम्यांचा आवाज वाढवला.

फळीफळीला जुन्या खिळ्यांची भोकं.
एकीवर निळ्या शाईतले किलो,
एकीवर कुठल्याशा बागेचं नाव, पुसट.
फळबाजारात तीस वर्षं पाठीवरून वाहिलेलं
आबांनी थोडं थोडं घरी आणलं होतं, रिकामं झाल्यावर,
आणि कुणाकडून तरी एका रविवारात
भिंतभर ठोकून घेतलं होतं.
वरून तपकिरी रेषारेषांचा सनमायका.
गावाकडचे पाहुणे आले की टिचकी मारून दाखवायचे:
ऐका. भरीव आहे.

मी आईकडे पाहिलं.
ती हंस पुसत होती. मान नसलेलेसुद्धा.
"मला काय सांगता," म्हणाली,
"पहिल्या उन्हाळ्यात वास यायचा की सफरचंदाचा.
दुपारी दार लोटलं की जास्तच.
मी म्हटलं, येत असेल सागवानाला."

टीव्हीचा आवाज खाली आला.
बऱ्याच वेळानं आबा म्हणाले,
सनमायका मात्र चांगला होता.
हो, आई म्हणाली, सनमायका चांगला होता.

टीव्हीच्या भगदाडाचा बाक झाला,
आडवा पाडून, पाय ठोकून, खाली चपलांचे दोन खण.
आईच्या गुडघ्याची उंची मिस्त्रीनं
वितीनं मोजली, टेप खिशात असून.
उरलेल्या फळ्यांचं भावाच्या पोरीला
भिंतीला मिटणारं टेबल, एका बिजागरीवर किंचित तिरकं.
पेन्सिल घरंगळते. ती म्हणते, चालेल, मला झेलता येते.

रंधा मारू का, मिस्त्रीनं विचारलं. आबा हो म्हणाले.
आई नको म्हणाली.
मिस्त्रीला पैसे आबा देणार होते, तरी त्यानं आईचं ऐकलं.

परवा पोरगी बाकाखाली शिरली होती, चेंडूमागे.
बाहेर येईना.
आतून एक एक अक्षर लावून वाचत होती.
शिमल्याची फळी असणार ती;
करवत नेमकी "शि"वरून गेलेली.
"आजी, इथं लिहिलंय, मला."
वर बसलेली आई डाव्या पायाचा पट्टा लावत होती.
"काय मला?"
"एवढंच. मला."

आबा दारात पिशवी घेऊन उभे होते, भाजीला जायचं म्हणून.
चला, म्हणाले. उशीर होतोय.
आई उठली नाही लगेच.
बाकही करकरला नाही.