मेकाँगचा भाव

सावद्याहून निघालो चौघे, तिकिटं पाच.
पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या खिशात,
खेमचंदच्या बॅगेत कळण्याचं पीठ चार किलो
आणि ठेचा. बरणीचं झाकण उघडणाऱ्या
विमानतळावरच्या पोरीला शिंकच शिंक.

दोन दिवस देवळं.
बुद्ध बसलेला, बुद्ध निजलेला.
प्रल्हाद फिरके दर पायरीला विचारी,
'भो, चपला कुठं काढायच्या?'

मग नदी. नावेनावेत बाजार.
गाईड फुलं दाखवी, घंटा दाखवी,
आमचे आठही डोळे एका घडावर.
फण्या किती? अकरा.
माल भरलाय, पण डाग आहे खालच्या फणीला.
'बोर्डाचा भाव विचार त्याला,' खेमचंद म्हणाला.
म्हातारा हसला. दहा बोटं दाखवली,
परत दहा,
आणि घडाचा दांडा अंगठ्यानं दाबून पाहिला,
अगदी लीलाधर दाबायचा तसा.

लीलाधरचे पैसे कंपनीनं परत दिले नाहीत.
माघात गेला तो, सहल फाल्गुनात.
खिडकीची खुर्ची त्याची. येताना जाताना
तिच्यावर ठेच्याची बरणी ठेवली,
पट्टा लावून.

घरी आल्यावर पोरांनी फोटो पाहिले,
'हे तर उदळीचं शिवार, आबा. तुम्ही गेलाच नाही!'
मी चष्मा पुसला, परत पाहिलं.
बांध तोच, पाट तोच, पानं तशीच फाटलेली.

त्या दिवशी रावेरला भाव बाराशे निघाला होता.
म्हाताऱ्याची वीस बोटं म्हणजे वीस काय,
यावर चहाच्या टपरीत
अजून भांडण चालू आहे.