रवडू

पहिल्या दिवशी नरसिमलूने अख्खा धडा वाचला,
स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला मान वर करून.
पुस्तक उलटं होतं.
हसले नाही मी. पाठ करायलाही डोकं लागतं.
फक्त एका शब्दावर अंगठा ठेवला;
त्याची गाडी अंगठ्यावरून धडधडत गेली,
झाकलेला शब्दही म्हणत.

अँटॉप हिलची शाळा, दुसरा मजला, तिसरी ब.
बीट ऑफिसर विचारतात, कितवा धडा चालू आहे?
एकविसावा, मी सांगते.
कितवं मूल, असं कुणी विचारत नाही.

जूनचा सबंध महिना गेला 'क कमळाचा' ओरडण्यात.
मग एका शनिवारी मी तक्ता फिरवला, भिंतीकडे तोंड करून,
आणि म्हटलं, तुम्ही बोला, मी लिहिते.
आई सिमेंट वाहते.
मामाचा फोन फुटला.
बाईंचा आवाज बसलाय.
नरसिमलू बराच वेळ गप्प. मग म्हणाला, नीळ्ळू.
पालमूरहून आणलेला घरचा शब्द, पाण्यासाठी.
फळ्यावर मी तसाच लिहिला.
दिवसभर तो जाता-येता त्याच्यावर हात ठेवून बघत होता,
ओला आहे का.

अडायचा तो ख पाशी.
खडूला रवडू, खाऊला रवाऊ.
पोरं खिदळायची. एकदा मीही ओरडले,
आणि घरी भाजी चिरताना लक्षात आलं,
डोळे त्याचे बरोबरच होते:
र आणि व खेटून बसले की तसंच दिसतं.
दुसऱ्या दिवशी दोघांना जोडणारी रेघ
त्याच्याच बोटाने गिरवून घेतली,
फळ्यावर, बाकावर, माझ्या तळहातावर.

मार्चमध्ये प्रगतिपुस्तकं भरत होते.
मधली सुट्टी. खिचडीचा हात चड्डीला पुसत
तो येऊन उभा राहिला टेबलापाशी,
माझ्या रजिस्टरात बोट घालून.

वाचन...
रवूप...
थांबला. मागे गेला.
खूप.
वाचन खूप... क... कच्चं.

जोडाक्षर मी शिकवलंच नव्हतं त्याला अजून.
एकच होतं त्याच्याकडे, पाण्यातलं.

ऑगस्टात लिहिलेला शेरा, शाईच्या पेनाने.
बोट उलटं सरकू लागलं ओळीवरून, डावीकडे,
नावाच्या रकान्याकडे.

मी नावावर अंगठा ठेवला.

अंगठा काढा ना, बाई, तो म्हणाला,
वाचतोय.